वायरचा की बिनवायरचा

माझ्या दुकानात माणसं तासाच्या हिशेबाने बसायची आणि उठताना काहीतरी विसरून जायची. छत्री, हेल्मेट, डबा, एकदा तर पायातली एकच चप्पल. या वस्तू दोन-चार दिवसांत ज्याच्या त्याला परत जायच्या. किस्से मात्र परत न्यायला कोणी येत नाही. ते साठत राहतात. मग एखादं गिऱ्हाईक साधासा प्रश्न विचारतं आणि सगळा ढीग एकदम अंगावर येतो.

प्रश्न नेहमीचाच. "काका, गेमिंगसाठी माऊस वायरचा घ्यावा की वायरलेस?" विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवं असतं. मी त्याला बसायला स्टूल देतो.

पनवेलला उरण नाक्याच्या आतल्या गल्लीत माझा सायबर कॅफे होता. आधी लोक रेल्वेची तिकिटं काढायला आणि परीक्षेचे निकाल बघायला यायचे. ती कामं मोबाईलवर व्हायला लागली तशी ती गर्दी ओसरली आणि गेम खेळणारी पोरं तेवढी उरली. पुढे गेमही मोबाईलवर गेले. आता तिथे कॉम्प्युटरचं सामान विकतो. पण मधली काही वर्षं कॅफेत रोज संध्याकाळी गोळीबार चालायचा, पाचजण विरुद्ध पाचजण.

आमची स्वतःची टीम होती. त्यात तिघं बोलणारी. इम्तियाज कच्छी मोहल्ल्यातला, कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला, टीममधला सर्वांत अचूक नेमबाज. हरेश खारघरजवळच्या ओवे गावचा. घरची शेती होती ती शहरात गेली, वडील बांधकामाच्या धंद्यात उतरले आणि हरेश बोलेरो घेऊन फिरत असे. तिसरी केतकी, इंजिनिअरिंगला होती. कुठलीही गोष्ट तपासून पाहिल्याशिवाय मानायची नाही, ही तिची खोड. उरलेले दोघे सख्खे भाऊ. ते खेळतानाही बोलत नसत आणि एरवीही, त्यामुळे त्यांचा किस्सा असा एकही नाही.

*

आमच्याकडे चिमट्यांची पद्धत होती.

माऊसची वायर टेबलावर लोळली की घासते, अडते, ऐन वेळी हात धरून ठेवते. तिला वर उचलून धरायला बाजारात स्टँड मिळतो. मी कपडे वाळत घालायचे चिमटे आणले आणि प्रत्येक मॉनिटरच्या वरच्या कडेला डबल टेपने एकेक चिकटवला. वायर चिमट्यात धरायची आणि हाताला पुरेल एवढी ढील पुढे सोडायची. इम्तियाजचा चिमटा हिरवा, केतकीचा पिवळा, हरेशचा लाल. दुसऱ्याच्या चिमट्याला हात लावायचा नाही, असा नियम आपोआपच पडला.

एकदा दुकानात नवीन आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "हे चिमटे कशाला?"

हरेश स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "हतं मॉनिटर धुतात. वाळाया लावलंत."

गृहस्थ पाच मिनिटं बसले आणि "ओले असताना शॉक नाही ना बसत?" एवढं विचारून निघून गेले.

*

खारघरच्या एका कॉलेजात दरवर्षी स्पर्धा व्हायची. आम्ही फायनलला पोचलो आणि नेरूळच्या टीमशी गाठ पडली.

कॉलेजने हॉल छान सजवला होता. लग्नात जेवणाच्या टेबलांना असते तशी सॅटिनची झालर प्रत्येक टेबलाला चहूबाजूंनी लावली होती आणि ती सेफ्टी पिनांनी अडकवली होती. मॉनिटरला टेप लावायला मात्र मनाई. म्हणजे आमचे चिमटे बाद. इम्तियाजची वायर टेबलावर मोकळी.

शेवटच्या राउंडला दोन्हीकडचे चार-चार गडी बाद झाले. आमचा इम्तियाज आणि त्यांचा कॅप्टन उरले. समोर कॅप्टन दिसला, इम्तियाजने हात वळवला आणि हात अर्ध्यातच थांबला. वायरची ढील कडेवरून खाली घसरली होती आणि झालरीच्या पिनेत अडकली होती. कॅप्टनला गोळी घालायला भरपूर वेळ मिळाला.

बाहेर पडताना कॅप्टन म्हणाला, "पनवेलवाले लग्नाला आले होते, मांडवात अडकले."

बोलेरोत बसल्यावर इम्तियाजने वायरवरची ती जागा पाहिली, जिथे पिनेने ओरखडा काढला होता. खारघर ते पनवेल तो त्यावर अंगठा फिरवत होता.

*

त्यानंतर काही दिवसांनी इम्तियाजचे अब्बा दुकानात आले. त्यांचं भांड्यांचं दुकान आहे, आमची जुनी ओळख. त्यांनी सगळे कॉम्प्युटर पाहून घेतले, चिमट्यांकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि माझ्यासमोर बसले.

"भाऊ, परीक्षा झाली की याला शारजाला पाठवतोय. मोठ्याच्या दुकानात. व्हिसाचं बोलणं झालंय."

"चांगलं आहे," मी म्हटलं.

"तो नाही म्हणत नाही. फक्त म्हणतो, पुढच्या वर्षीची ती मॅच होऊन जाऊ द्या, मग पाठवा." त्यांनी पुन्हा एकदा चिमट्यांकडे पाहिलं. "ती जिंकली म्हणजे काय होतं?"

मी विचार करून पाहिला. "काही होत नाही. जिंकलेला असतो."

त्यांनी मान हलवली. "मग ठीक आहे. काही होणार असतं तर मी नाही म्हटलं असतं."

अशी एक मॅच मिळाली. आता ती कुठल्या माऊसने खेळायची, एवढाच प्रश्न होता, आणि त्याने आमचं वर्ष खाल्लं.

*

शारजाच्या भावाला, अस्लमला, पिनेची हकिकत कळली होती. त्याने वायरलेस माऊस पाठवला. चांगल्यातला, खास गेमसाठीचा. सुट्टीवर येणाऱ्या एका शेजाऱ्याच्या बॅगेतून, खजूर आणि अत्तराच्या मधे घालून तो पनवेलला पोचला. येताना एका बाटलीचं बूच ढिलं झालं होतं. पुढचा आठवडाभर माऊसला उंची वास येत होता.

हरेशने हुंगून पाहिलं. "इम्त्या, यो माऊस खेलाया आलाय का निकाहला?"

"भाईजानने पाठवलाय," इम्तियाज म्हणाला. "वायरच नाही, तर अडकणार काय?"

त्या काळी वायरलेसबद्दल गेमवाल्यांचं एकच मत होतं: हात हलतो आधी आणि स्क्रीनवरचा बाण हलतो नंतर. हरेशचंही तेच मत. "मी डोल्यानं सांगीन कंचा लेट हाय तो. आमाला शिकवू नका."

"बरं," केतकी म्हणाली. "तू फक्त स्क्रीन बघ."

तिने दोन्ही माऊस एका कॉम्प्युटरला जोडले, वर पुठ्ठ्याचा खोका आडवा धरला आणि त्याच्या आड हात घातला. हरेशला बाण तेवढा दिसत होता. ती फिरवायची, तो सांगायचा. "यो वायरचा. यो बिनवायरचा, बघ, मागं मागं चाललाय. यो परत वायरचा." एकदाही अडखळला नाही. आम्हाला वाटलं, खरंच दिसतं की काय याला.

केतकीने खोका उचलला. वायरलेसचं बटण बंद होतं. सगळा वेळ तिने वायरचाच माऊस फिरवला होता.

हरेशने माऊसची वायर हातात धरून पाहिली. मग म्हणाला, "वायर लांब हाय त्याची. मधी मधी टाईम लागतो."

*

तरीही काहीतरी होतंच. वायरलेस मधूनच उडी मारायचा. सकाळी नाही, दुपारी नाही. संध्याकाळी चार-पाचच्या सुमाराला बाण एकदम जागीच थिजायचा, मग दुसरीकडेच जाऊन उभा राहायचा. सेल बदलले, कॉम्प्युटर बदलला. फरक पडेना.

केतकी दोन संध्याकाळी नुसती बसून राहिली. तिसऱ्या संध्याकाळी तिने भिंतीला कान लावला. पलीकडे बेकरी होती. बेकरीवाल्या शेठनी नवीन मायक्रोवेव्ह घेतला होता आणि तो बरोबर आमच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. कॉलेज सुटलं की पोरं पॅटीस मागायची. पॅटीस आत गेलं की मायक्रोवेव्हच्या लहरींनी इकडे माऊस थांबायचा, आणि पलीकडे टिंग वाजलं की चालू लागायचा.

हे कळल्यावर आठवड्याभरात आपापसातली प्रॅक्टिस मॅच झाली. हरेश इम्तियाजच्या विरुद्ध बाजूला. एरवी हरेश इम्तियाजसमोर फार वेळ टिकत नसे. त्या दिवशी टिकला. एवढंच नाही, ओळीने जिंकत गेला. प्रत्येक राउंडच्या सुरुवातीला त्याच्या फोनवरून एक मिस्ड कॉल जायचा, तेवढं माझ्या लक्षात आलं होतं.

मॅच संपल्यावर बेकरीवाले शेठ स्वतः ट्रे घेऊन आले. त्यावर पॅटीसचा डोंगर.

"हरेशभाऊ, तुम्ही सांगितलंत तसं एकेकच गरम केलं. पण मिस्ड कॉल आला की मगच आत टाकायचं, हे का ते काही कळलं नाही."

इम्तियाजने हरेशकडे पाहिलं. हरेशने एक पॅटीस उचलून त्याच्या हातात दिलं. "खा. गरम हाय."

*

मायक्रोवेव्हवर उपाय मी काढला. वायरलेसचे इशारे पकडणारा नखाएवढा रिसीव्हर कॅबिनेटच्या पाठीमागे, म्हणजे भिंतीकडे होता. एक एक्स्टेन्शन वायर आणली आणि रिसीव्हर माऊसच्या शेजारी टेबलावर आणून ठेवला. उड्या बंद झाल्या.

दुसऱ्या दिवशी केतकी आली, तिने टेबल पाहिलं आणि विचारलं, "काका, ही वायर कसली?"

"वायरलेसची," मी म्हटलं.

*

मधे एकदा इम्तियाज आला, माऊसचं बटण दाबलं, दिवा लागेना. खालचं झाकण उघडलं तर आत सेलच नव्हते. दोन्ही जागा मोकळ्या.

त्याने घरी फोन लावला. आवाज मोठा असल्यामुळे पलीकडचं आम्हालाही ऐकू आलं.

"अम्मी, माझ्या माऊसमधले सेल?"

"अजानचं घड्याळ बंद पडलं होतं. त्यात घातले."

"अम्मी, आज प्रॅक्टिस आहे."

"आणि आज नमाज नाही? तुझ्या भावानेच पाठवलंय ते घड्याळ पण. त्याच्या एका वस्तूतले काढले, दुसरीत घातले. घरातच आहेत." मग त्या म्हणाल्या, "घड्याळ एकदम बरोबर चाललंय. चांगले सेल आहेत."

त्या दिवसापासून इम्तियाज सुटे सेल खिशात ठेवू लागला. हरेश म्हणायचा, वायरच्या माऊसला फक्त उंदीर कुरतडतो, बिनवायरच्याला घरची माणसंसुद्धा.

*

स्पर्धा जवळ आली आणि खरी अडचण पुढे आली. माऊस उत्तम चालत होता. इम्तियाज चुकत होता.

थोडंसंच. निशाण्याच्या बोटभर पुढे जायचा, तेही उजवीकडे वळताना. तो माऊसचं सेटिंग बदलून बघायचा, पॅड बदलून बघायचा. वायरचा माऊस परत हातात घेतला की नेम बरोबर लागायचा. मात्र तेव्हा दुसरंच काहीतरी व्हायचं. दर राउंडला त्याची नजर एकदा टेबलाच्या कडेकडे जायची. तेवढ्यात समोरचा मारून जायचा.

केतकीने त्याच्या मागे खुर्ची टाकली आणि स्क्रीनकडे न बघता त्याच्या हातांकडे पाहत राहिली.

"तू डाव्या हाताने काय करतोस?" तिने विचारलं.

"कुठे काय?"

"आता केलंस. राउंड सुरू व्हायच्या आधी."

वायरचा माऊस असताना इम्तियाज प्रत्येक राउंडआधी डाव्या बोटाने वायरला एक टिचकी मारायचा, ढील नीट पडावी म्हणून. आता वायर नव्हती, तरी तो हवेत टिचकी मारत होता. आणि उजवीकडे वळताना पूर्वी वायर किंचित ताणली जायची, तिथे त्याचा हात आपोआप थांबायचा. आता ताण येत नव्हता. हात पुढे जात होता.

"म्हणजे माऊस लेट नाही," केतकी म्हणाली. "ओढ नाहीये. तेवढीच कमी आहे."

"ही सवय जायला किती दिवस लागतील?" इम्तियाजने विचारलं. स्पर्धा आठवड्यावर होती आणि तिच्यानंतरच्या आठवड्यात त्याचं विमान.

हरेश वडापाव खात होता. "मंग लावा ना त्याला वायर."

"अरे, वायर नको म्हणून तर..."

"चालाया नको. नुस्ती लावाया."

तो चेष्टा करत होता. पण केतकी हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खालच्या ड्रॉवरमधून एका मेलेल्या माऊसची वायर काढली, पुढचं टोक कापलं, आणि वायरलेसच्या नाकाशी रबरबँडने बांधून दिली. वायर हिरव्या चिमट्यात धरली आणि दुसऱ्या टोकाचा प्लग मॉनिटरमागे मोकळा सोडला.

इम्तियाज बसला. वायरला टिचकी मारली. उजवीकडे वळला. नेम लागला. परत लागला.

"काका," तो म्हणाला, "हे कोणाला सांगू नका."

*

फायनल. तोच हॉल, तीच झालर, त्याच पिना, समोर तीच नेरूळची टीम. टेप लावायला यंदाही मनाई. केतकीने आधीच विचारून घेतलं होतं: माऊस आपला आणला तर चालेल, वायरलेस असला तरी चालेल. वायर बांधलेला वायरलेस चालेल का, असं विचारण्याचं काही कारण नव्हतं. वायरला मॉनिटरच्या स्टँडभोवती एक वेढा दिला आणि प्लग मागे सोडला. रिसीव्हर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला बसवला, तो कोणाला दिसलाही नाही.

मी भिंतीजवळ उभा होतो. शेजारी इम्तियाजचे अब्बा. ते येतील असं कोणाला वाटलं नव्हतं. दुकान बंद करून आले होते.

सामना बरोबरीत गेला आणि शेवटच्या राउंडला पुन्हा इम्तियाज आणि त्यांचा कॅप्टन उरले. दोघे लपलेले. कॅप्टन खोक्यांच्या मागे, इम्तियाज दाराच्या कोपऱ्यात. जो आधी बाहेर येईल तो मरेल, हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून कोणीच हलेना. इम्तियाजने वायरला टिचकी मारली. ढील कडेवरून खाली घसरली आणि झालरीत गेली.

मला ते दिसलं. अब्बांनाही दिसलं असावं, त्यांनी माझं मनगट धरलं.

इम्तियाजने हात थोडा हलवला, वायर पिनेत अडकली, ताणली गेली, रबरबँड सुटला आणि वायर माऊसपासून वेगळी होऊन टेबलाखाली पडली.

नेरूळचा एक बाद झालेला पोरगा समोर उभा राहून बघत होता. तो ओरडला, "वायर तुटली त्याची! माऊस गेला, जा पुढे, जा!"

कॅप्टन खोक्यांमागून उठला आणि मोकळ्या जागेतून सरळ चालत आला.

इम्तियाजने त्याला अगदी जवळ येऊ दिलं. मग एकच गोळी.

हरेशने टेबलावर एवढ्या जोराने हात मारला की झालरीच्या दोन पिना निघाल्या. अब्बांनी माझं मनगट सोडलं.

नेरूळवाले पंचांकडे धावले. पंच म्हणजे कॉलेजच्या लॅबमधले एक वयस्कर सर. "सर, त्याची वायर निघाली होती. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. वायर निघाल्यावर गोळी लागलीच कशी?"

सर चष्मा लावून टेबलाकडे आले. इम्तियाज माऊसचं रिकामं नाक हाताखाली झाकून बसून होता. सर कॅबिनेटच्या मागे गेले, वाकले, आणि तिथे लोंबणारा प्लग त्यांना सापडला. "हा बघा, हा निघालाय," ते म्हणाले, आणि त्यांनी तो नीट पुसून कॉम्प्युटरला लावला.

"हलव आता."

इम्तियाजने माऊस हलवला. बाण हलला.

"चालतोय की." सरांनी नेरूळच्या कॅप्टनला स्क्रीन दाखवली, पनवेलच्या नावापुढे खूण केली आणि इम्तियाजच्या खांद्यावर हात ठेवला.

"पुढच्या वर्षी येशील तेव्हा वायर घट्ट लावून बस."

"जी, सर," इम्तियाज म्हणाला.